पिपाणीचं माहेर

"घर सोडू नकोस गं. तर्जनीखाली दोन उंचवटे लागतात ना, तेच तुझं घर. बोट गावभर हिंडू दे, काम झालं की घरी आलं म्हणजे झालं."

हा आवाज टायपिंगच्या बाईंचा, पस्तीस वर्षांपूर्वीचा. अंध मुलींच्या शाळेत त्या शिकवायच्या. बाईंना स्वतःला दिसायचं की नाही, हे वर्गातल्या एकीलाही शेवटपर्यंत कळलं नाही. विचारायची वेळच आली नाही. बाई बटणांची जागा गाण्यातून शिकवत.

करंगळी बसली कडेला, अनामिका शेजारी,
मधलं बोट थोरलं, तर्जनी कारभारी,
अंगठ्याला अंगण दिलं, लांबरुंद भारी.

सोमवारी सकाळी साडेनऊ वाजता, रुग्णालयाच्या टायपिंगच्या खोलीत टायपिस्टताईंना हा आवाज अगदी कानाशी आल्यासारखा ऐकू आला. कारण कानांवर लावलेल्या हेडफोनमध्ये दुसरं काहीच वाजत नव्हतं.

"बोलतंय का?" टेबलाखालून वायरवाल्यांनी विचारलं.

"नाही."

"आता?"

"आताही नाही हो."

"कमाल आहे. अहो, माझ्या टेबलावर घडाघडा बोलत होतं." वायरवाले बाहेर आले. रुग्णालयातले सगळे कॉम्प्युटर त्यांच्या गळ्यात. पन्नाशी ओलांडलेला माणूस, गुडघे वाकले की आधी गुडघे कुरकुरत, मग ते स्वतः. त्यांनी हेडफोन आपल्या मोबाइलला लावून पाहिला. गाणं वाजलं. "तुमचा हेडफोन तर ठणठणीत आहे. म्हणजे नव्या सिस्टीमचंच काहीतरी रुसणं आहे."

रविवारी एका दिवसात साऱ्या रुग्णालयाचे कॉम्प्युटर बदलले होते. यंत्रं तीच, आतली सिस्टीम नवी. जुनीला आता तिच्या घरच्यांनीच, म्हणजे बनवणाऱ्या कंपनीनंच, वाऱ्यावर सोडलं होतं, त्यामुळे तिचे दिवस भरले होते. सोमवारी सकाळपासून विभागाविभागात एकच रड चालू होती. कुणाचं छपाईचं बटण सापडत नव्हतं, कुणाच्या फायली परगावी गेल्या होत्या. बाकीच्यांची पडद्यावरची चित्रं इकडची तिकडे झाली होती. ताईंचं मात्र माणूसच गेलं होतं.

ते माणूस म्हणजे मामा. जुन्या सिस्टीममधला वाचून दाखवणारा आवाज. घोगरा, संथ, सुट्टीत भाचरांना भेटायला आलेल्या मामासारखा. ताई एक अक्षर टाइप करत, मामा ते म्हणून दाखवी. ओळ मागितली की ओळ, शब्द मागितला की शब्द. बावीस वर्षं. ताईंनी त्याला हळूहळू इतका वेग दिला होता की दुसऱ्या कुणी तो हेडफोन लावला तर त्याला वाटे, कुणी गुळण्या करतंय. ताईंना त्यातला अनुस्वारसुद्धा ऐकू येई.

काम एक्सरेच्या रिपोर्टांचं. एक्सरेचे डॉक्टर फोटो बघून रेकॉर्डरमध्ये बोलत, ताई ऐकून टाइप करत. डॉक्टर तोंडात गुळणी धरल्यासारखे बोलायचे. तीन टायपिस्ट त्यांना कंटाळून दुसऱ्या विभागात गेल्या होत्या. ताई टिकल्या. माणसाचा बरगड्यांचा पिंजरा त्यांनी कधी पाहिला नव्हता, पण तो बारा जोड्यांचा, कुठून कुठे वळतो, कुठली फट कुठल्या फटीखाली, हे त्यांना स्वतःच्या घराच्या पायऱ्यांइतकं पाठ होतं.

दुपारी मोठ्या बाईंनी बोलावलं. रुग्णालयाचा सगळा कारभार त्यांच्या हातात. बोलणं मऊ, पण शब्द मोजून टाकणारं.

"ताई, वॉर्डांत रिपोर्टांची वाट बघणारी माणसं आहेत. मी थांबू शकत नाही."

"मला कळतंय बाई."

"शनिवारी बारापर्यंत दहा रिपोर्ट तुमच्या हातून बिनचूक निघाले, तर खुर्ची तुमची. नाही निघाले, तर फोनच्या खिडकीवर बसावं लागेल. तुमचा आवाज गोड आहे, लोकांना बरं वाटेल."

फोनच्या खिडकीवर ताई सुरुवातीची नऊ वर्षं बसल्या होत्या. 'तिसरा मजला, डावीकडे. भेटायची वेळ चार ते सहा.' दिवसाला दोनशे वेळा तेच. त्या खिडकीतून या खुर्चीपर्यंत यायला त्यांनी किती अर्ज केले होते ते मोठ्या बाईंनाही ठाऊक होतं.

"मी तुमच्या बाजूनं वर बोलले असते," मोठ्या बाई हळूच म्हणाल्या, "पण फायलीत तो मेमो आहे ना."

तो मेमो. चार वर्षांपूर्वी एका रुग्णाच्या छातीतलं पाणी नळी घालून काढायचं होतं. डॉक्टर साऱ्या रिपोर्टभर 'उजवं' म्हणत आले आणि शेवटच्या ओळीत म्हणाले, 'डाव्या बाजूला नळी घालावी.' टायपिंगचा नियम एकच, जे बोललं ते उमटलं पाहिजे. ताईंनी टाइप केलं. डॉक्टरांनी न वाचता सही केली. पण ताईंच्या मनात ती ओळ पायात काटा मोडावा तशी सलत राहिली. जेवणाचा डबा अर्धा टाकून त्यांनी वॉर्डात फोन लावला, "सिस्टर, त्या नळीची बाजू एकदा फोटोत बघून घ्या." सिस्टरनी पाहिलं. उजवी होती. रुग्णाला तोवर डाव्या कुशीकडून तयार करून झालं होतं.

चौकशी झाली. रेकॉर्डिंग आठ दिवसांनी पुसलं जातं, ते पुसलं गेलं होतं. डॉक्टर चौकशीत काही बोलले नाहीत. शेवटी कागदावर आलं : 'टायपिस्टच्या ऐकण्यात चूक.'

आंधळी म्हणून कुणी हाक मारली तरी ताईंना राग येत नसे. आहे ते आहे. पण 'ऐकण्यात चूक'? सोनाराला तुझा काटा खोटा म्हणावं, तसं ते वाक्य. तेव्हापासून एक मात्र झालं. डॉक्टर रेकॉर्डिंगमध्ये बाजू दोनदा सांगू लागले. 'उजवं. उजवं.' 'डावा गुडघा. डावा.' याहून जास्त एक शब्द त्यांच्याकडून कधी आला नाही.

*

"मग बस फोनवर," धाकटी म्हणाली. धाकटी बहीण घरीच कपडे शिवायची. दोन खोल्या, एकीत मशीन, एकीत दोघी. "निदान चहा वेळेवर मिळेल."

"तुझ्या जिभेला हाड आहे का?"

"नाही. कुणाच्याच नसतं. तू रिपोर्ट टाइप करतेस आणि एवढं माहीत नाही?"

ताईंना हसू आलं. मग ते हसू मावळलं. "मामा गेला गं. एक शब्द न बोलता गेला."

धाकटीनं पाय मशीनवरून काढला. "माझ्या मशीनला मोटर बसवली तेव्हाचं आठवतं? पहिल्या दिवशी मी स्वतःचं बोट शिवलं होतं. तू काय म्हणाली होतीस?"

"काय?"

"म्हणालीस, बोटाला जुनी वाट ठाऊक आहे, त्याला नवी दाखव."

"माझी अक्कल मलाच परत घेऊन आलीस होय?" ताई म्हणाल्या.

*

मंगळवारी वायरवाल्यांनी ताईंचा सीपीयू उचलून आपल्या टेबलावर नेला. तिथं तो बोलला. परत आणून जोडला. मुका. बुधवारी पुन्हा नेला. पुन्हा बोलला. परत आणला. मुका. इकडे शेजारच्या खुर्चीवरची टायपिस्ट डॉक्टरांची रेकॉर्डिंगं ऐकून कपाळ बडवत होती. वॉर्डांतून फोनवर फोन येत होते.

गुरुवारी तिसऱ्यांदा सीपीयू ताईंच्या टेबलाखाली सरकवून वायरवाले खुर्चीत कोसळले.

"ताई, माझं डोकं चालेना. तुमची ही बया माहेरी बोलते आणि सासरी मुकी होते."

ताई हसल्या नाहीत. त्यांची बोटं घरी, त्या दोन उंचवट्यांवर, नुसती बसून राहिली होती. मुकी सून कधी उगाच मुकी नसते, हे कुठल्याही बाईला सांगावं लागत नाही. माहेरी काहीतरी असतं, ते सासरी नसतं.

"एक सांगा," त्या म्हणाल्या. "तुमच्या टेबलावर काय काय आहे? सगळं सांगा. वगळू नका काही."

"काय असणार? हाच कीबोर्ड, याच वायरी. चहाचा कप. पाठदुखीचं मलम."

"हेडफोन?"

"नाही हो, मला कशाला हेडफोन?"

"मग तिथं ती बोलली ती कुठून?"

वायरवाले थांबले. "बोलली म्हणजे... समोरूनच आला आवाज."

"समोर काय असतं तुमच्या?"

"मॉनिटर."

"चालू असतो?"

"आता ताई, मी काय डोळे मिटून काम करू?"

हे वाक्य तोंडातून गेलं आणि वायरवाल्यांची जीभ दाताखाली आली. पण ताईंचं तिकडे लक्षच नव्हतं. त्यांनी हात पुढे केला. समोर त्यांचा मॉनिटर होता, सहा वर्षं बंद. सगळ्यांना नवे दिले तेव्हा त्यांनाही एक मिळाला होता. मला काय करायचाय उजेड, वीज कशाला जाळायची, असं म्हणून त्यांनी तो कधी चालूच केला नाही. धाकटीनं उरलेल्या पडद्याच्या कापडातून त्याला फुलाफुलांचं झबलं शिवून दिलं होतं. त्याच्या पुढ्यात टाचण्यांची डबी, शेजारी हाताला लावायचं क्रीम, बाजूला पाण्याची बाटली. ताईंच्या टेबलावरची वस्तू कुणी हलवायची नाही, हा साऱ्या रुग्णालयाचा अलिखित नियम होता. जागची वस्तू हलली तर त्यांना सापडणार नाही, म्हणून झाडूवालीसुद्धा प्रत्येक डबी उचलून पुन्हा तिथंच ठेवी. वायरवाले तर त्या झबल्याला बोट लावायच्या भीतीनं तीन दिवस सीपीयू खांद्यावर वाहत होते. माया अशीही आडवी येते.

ताईंनी टाचण्यांची डबी बाजूला ठेवली. झबलं काढलं. खालची कड चाचपली. एक बटण लागलं, धुळीनं खरखरीत. दाबलं.

क्षणभर काहीच नाही. मग मॉनिटरच्या पोटातून, बारीक, नाकातला, जत्रेतल्या पिपाणीसारखा एक आवाज आला. "पान कोरं आहे. ओळ एक."

"आवाज हेडफोनकडे येतच नव्हता," ताई म्हणाल्या. "पडद्याकडे जात होता. आणि पडदा बंद. बिचारी सोमवारपासून बोलतेय. आपणच दार लावून घेतलं होतं."

वायरवाले उठले, पुन्हा बसले. "ताई, तीस वर्षं मी हेच काम करतोय."

"मग आता तेवढं तिला हेडफोनात पाठवा. आणि कुठून पाठवलंत ते मला बटणानं शिकवा. कुठं काय आहे ते मला माहीत असलेलं बरं."

*

ती बोलू लागली, पण कामाला लागली नाही. मामाची सगळी सूत्रं कीबोर्डच्या उजव्या कोपऱ्यातल्या एका बटणावर होती. बावीस वर्षं उजवा हात तिकडे धावत होता. पिपाणीचं बटण डाव्या टोकाला, करंगळीच्या शेजारी. उजव्या हाताचा कारभार डाव्या करंगळीकडे आला होता, आणि उजवा हात काही केल्या किल्ल्या सोडायला तयार नव्हता. ओळ मागावी तर पान उडे. थांब म्हणावं तर ती पुढच्या तीन ओळी म्हणून मोकळी. गुरुवारची संध्याकाळ अशी गेली.

शुक्रवारी पहाटे ताई शिवणाच्या टेबलाच्या कडेवर बोटं आपटत बसल्या होत्या. धाकटी चहा गाळत होती.

"काय पुटपुटतेस?"

"बाईंनी जुन्या घराचं गाणं दिलं होतं. नव्या घराचं कुणी दिलं नाही. तेव्हा माझं मीच करतेय."

"म्हण की."

ताईंनी टेबलावर ठेका धरला.

उजवीकडचा मामा गेला, डावीकडे आली भाची,
करंगळीनं टिचकी मारा, ओळ वाचते जागची.
वरचा बाण मागं नेई, खालचा नेई पुढं,
दोन टिचक्यांत शब्द फोडी, उरत नाही कोडं.

"बरं आहे," धाकटी म्हणाली. "पण भाचीचा आवाज कसा आहे?"

"सर्दी झाल्यासारखा."

"मग बरोबर. आपल्याच घराण्यातली दिसते."

त्या दिवशी दुपारपर्यंत ताईंनी अकरा कडवी केली. प्रत्येक कडव्यात एक नवं काम. बोटं गाण्याच्या मागून चालू लागली, जशी लहान मुलं आईच्या पदरामागून. चार वाजता उजवा हात पहिल्यांदा कोपऱ्याकडे न जाता घरीच थांबला. ताईंनी वेग वाढवला. मग आणखी वाढवला. पिपाणी गुळण्या करू लागली, आणि ताईंना तिच्यातला अनुस्वार ऐकू आला.

तेवढ्यात दाराशी बूट करकरले. डावा जास्त करकरे. एक्सरेचे डॉक्टर. इतक्या वर्षांत ते या खोलीत आले नव्हते.

"उद्याची दहा रेकॉर्डिंगं," ते तोंडातल्या तोंडात म्हणाले, "मी स्वतः करतोय."

"बरं डॉक्टर."

ते गेले नाहीत. ताईंना त्यांचा श्वास ऐकू येत होता. काहीतरी ओठांपर्यंत येऊन परत जात होतं. मग बूट वळले आणि व्हरांड्यात दूर गेले.

*

शनिवारी ताईंनी आल्या आल्या झबलं काढून घडी करून पिशवीत ठेवलं आणि मॉनिटर चालू केला. "ज्यांना बघायचंय त्यांनी बघावं," त्या वायरवाल्यांना म्हणाल्या. "माझी काही हरकत नाही."

नऊला पहिलं रेकॉर्डिंग लावलं. पहिला रिपोर्ट मनगटाचा. दुसरा छातीचा. डॉक्टर नेहमीसारखे घोटत होते, पिपाणी अक्षरं परत देत होती, आणि मधे बोटं चालली होती, जात्याभोवती पीठ ओघळावं तशी. डाव्या करंगळीनं हाक, बाणानं मागं, बाणानं पुढं. तिसरा. चौथा. पाचवा. शेजारच्या टायपिस्टनं आपलं काम थांबवलं होतं.

सहाव्याला उजवा हात निसटला. सवय ती सवय. कोपऱ्यातलं बटण दाबलं गेलं, मागोमाग दुसरं, आणि पिपाणी म्हणाली, "पान कोरं आहे."

साडेदहा वाजून गेले होते. मागं वायरवाल्यांनी श्वास रोखलेला ऐकू येत होता. ते काही बोलणार, तेवढ्यात ताईंनी हात वर केला. नको. त्यांनी दोन्ही तर्जन्या चाचपत आणल्या. उंचवटे लागले. घर सोडू नकोस गं. घर होतं तिथंच होतं. घरधनी बदलला तरी उंबरठा तोच. त्यांनी सातवं कडवं मनात म्हटलं, केलेलं परत घेण्याचं. करंगळी हलली.

"ओळ चौदा," पिपाणी म्हणाली. "मणक्यांमधलं अंतर प्रमाणात आहे."

वायरवाल्यांनी श्वास सोडला. "मला चहा लागेल," ते स्वतःशीच म्हणाले.

सव्वाअकराला नऊ झाले. मोठ्या बाई आल्या आणि ताईंच्या मागं उभ्या राहिल्या. छापलेले नऊ कागद त्यांनी एकेक करून वाचले. बराच वेळ कागद सळसळत राहिले.

"एकही चूक नाही," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "मी तुम्हाला काम करताना कधी पाहिलंच नव्हतं, ताई. तुमचा पडदा नेहमी बंद."

"माझा चालूच होता, बाई," ताई म्हणाल्या. "आतून."

त्यांनी दहावं रेकॉर्डिंग लावलं.

आधी नुसता श्वास. मग डॉक्टरांचा आवाज, पण वेगळा. गुळणी टाकून दिलेला, एकेक शब्द सुटा. "रिपोर्ट दहावा. हा रुग्णाचा नाही. तरी टाइप करा. जे बोलतोय ते सगळं."

नियम एकच होता. ताईंनी टाइप केलं. बोटं चालत राहिली, दोन ओळी, चार ओळी, आणि पाचव्या ओळीवर थबकली. मागं मोठ्या बाईंना पडद्यावर अक्षरं उमटताना दिसत होती. त्यांच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या. ताईंनी पुढची ओळ ऐकली, टाइप केली. शेवटी रेकॉर्डिंगमध्ये डॉक्टर म्हणाले, "छापा. सही मी करतो. आणि मोठ्या बाईंना वाचून दाखवा. मला तोंडानं जमलं नाही."

ताईंनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. आपल्या तोंडून हे वाचणं त्यांना बरं वाटेना. त्यांना आता एक गोष्ट येत होती, गुरुवारी शिकलेली, अकराव्या कडव्यातली. तीन बटणं. त्यांनी आवाज हेडफोनातून काढून पडद्याकडे पाठवला, वेग माणसांचा केला, आणि डाव्या करंगळीनं टिचकी मारली.

नाकातल्या, सर्दी झालेल्या आवाजात पिपाणी साऱ्या खोलीला सांगू लागली.

"चार वर्षांपूर्वी छातीच्या एका रिपोर्टमध्ये बाजू चुकली. त्याचा मेमो टायपिस्टताईंच्या फायलीत आहे. त्यांनी बरोबर ऐकलं होतं. डावं मी म्हणालो होतो. सही न वाचता मी केली होती. वॉर्डात फोन करून त्या माणसाला त्यांनी वाचवलं. चौकशीत मला विचारलं, तेव्हा मी गप्प राहिलो. मेमो त्यांच्या फायलीतून काढून माझ्या फायलीत लावावा."

पिपाणी थांबली. ओळी संपल्या होत्या. शेजारच्या टायपिस्टच्या खुर्चीचा पाय उगाच करकरला. मग करकर दाराशी झाली, आणि ती खुर्चीची नव्हती. डावा बूट होता.

"डॉक्टर," मोठ्या बाईंनी दाराकडे वळून विचारलं, "हे खरं आहे?"

दाराशी श्वास अडला. तोच, शुक्रवारचा, ओठांपर्यंत येऊन परत जाणारा. या वेळी तो परत गेला नाही.

"माझी चूक," डॉक्टर म्हणाले. आणि बाजू सांगावी तसं, स्वच्छ, पुन्हा एकदा म्हणाले, "माझी."